शेवटच्या खांबाचं गणित

(नुकतेच पास झालेले इंजिनिअर आणि टेक्निशियन यांच्यासाठी केलेल्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. मध्ये थोडी आकडेमोड आहे, वही-पेन जवळ असू द्या.)



एक प्रश्न मला सारखा येतो. "सर, डिप्लोमा झालाय" किंवा "बीई झालंय, इलेक्ट्रिकल डिझाइनमध्ये यायचंय, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" सॉफ्टवेअर जरूर शिका, माझी काही हरकत नाही. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला शिका, एवढंच आज सांगणार आहे. तो प्रश्न मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. एका खांबाने शिकवला, आणि फी जबर घेतली.

पहिल्या नोकरीतली गोष्ट आहे. एका मोठ्या आवाराचं काम होतं, नाव सांगत नाही. त्यांचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर होता. आतल्या रस्त्याच्या कडेने दिवे लावायचे होते. बारा लोखंडी खांब, प्रत्येकावर ६० वॅटचा एलईडी दिवा. पॅनलपासून शेवटच्या खांबापर्यंत केबलची लांबी २५० मीटर. माझ्या साहेबांनी सांगितलं, "हे छोटं काम आहे, तू कर." मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

मी काय केलं, ते ऐका. बारा गुणिले ६० म्हणजे ७२० वॅट. पॉवर फॅक्टर ०.९५ धरला, करंट आला ३.३ अँपिअर. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल वीस अँपिअर सहज वाहते, म्हणजे प्रश्नच नाही. व्होल्टेज ड्रॉप काढला. अडीच स्क्वेअरचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.४१ ओहम. जाऊन-येऊन ५०० मीटर, म्हणजे ३.७ ओहम. सगळा लोड शेवटच्या खांबावर धरला तर १२ व्होल्ट पडतात, पण दिवे वाटेत सारखे वाटलेले आहेत, म्हणून प्रत्यक्षात जेमतेम सात. तीन टक्क्यांच्या आत. मी खूश. दोन कोअरची आर्मर्ड केबल लिहिली, १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी लिहिला, आणि अर्थिंगसाठी प्रत्येक खांबाशेजारी एक खड्डा. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टीप टाकली, 'अर्थिंग आयएस ३०४३ प्रमाणे'.

आता खरं सांगतो, आयएस ३०४३ मी तेव्हा उघडूनही बघितलं नव्हतं. आधीच्या ड्रॉइंगवर ती टीप होती, मी ती उचलली. आपल्याकडे अशा टिपा वर्षानुवर्षं एका ड्रॉइंगवरून दुसऱ्यावर जातात, वाचत कुणी नाही.

काम झालं. संध्याकाळी टायमर लागला, बाराही दिवे एकदम लागले. सगळ्यांनी मान डोलावली. फाइल बंद.

पुढच्या जूनमध्ये तिथल्या माळीमामांनी मला थांबवलं. म्हणाले, "साहेब, तो शेवटचा खांब करंट मारतो. सकाळी पाइप ओढताना हात लागला, झणका बसला." मी लगेच खिशातला टेस्टर काढला, खांबाला लावला. काही नाही. म्हटलं, "मामा, ओल्या हाताने भास होतो कधी कधी." आणि निघून आलो.

माझी चूक तुमच्या लक्षात आली का? मामा बाग शिंपायला पहाटे साडेपाचला यायचे, तेव्हा दिवे चालू असायचे. मी टेस्टर लावला दुपारी बारा वाजता. टायमर बंद. केबलमध्ये वीजच नव्हती, तर टेस्टर पेटणार कसा? मामांनी अचूक निरीक्षण सांगितलं होतं. वेळ सांगितली, जागा सांगितली, पाण्याचा पाइप हातात होता हेही सांगितलं. मी इंजिनिअर, मी त्याला भास म्हणालो.

चार दिवसांनी रात्री जोराचा पाऊस झाला. रात्रपाळीच्या वॉचमनने एक कुत्री पाळली होती, त्याच्याबरोबर राउंडला फिरायची. ती शेवटच्या खांबाजवळच्या डबक्यात मरून पडलेली सापडली. वॉचमन तिला उचलायला धावला नाही, आधी पॅनलकडे जाऊन मेन पाडला, म्हणून तो वाचला. त्याला हे कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही. मी तरी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचे फोरमन काका आले. बत्तीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस. खांबाच्या बुडाशी असतो तो छोटा दरवाजा उघडला. आत केबलचा जोड, नुसती टेप गुंडाळलेला. पाणी शिरून टेप सैल झालेली आणि फेजची उघडी तार पत्र्याला टेकलेली. म्हणजे फेज थेट खांबावर. सरळसरळ अर्थ फॉल्ट.

मी म्हटलं, "काका, पण मग एमसीबी का नाही पडला?"

काका म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा. तुमचं ड्रॉइंग आहे."

मंडळी, आजचा प्रश्न हाच. *फॉल्ट शेवटच्या टोकाला झाला तर किती करंट वाहील, आणि तेवढ्या करंटला माझा ब्रेकर किती वेळात पडेल?* मी लोडचा करंट काढला होता. फॉल्टचा काढलाच नव्हता. आता आपण दोघं मिळून काढू.

काकांनी अर्थ टेस्टर लावून त्या खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजला. २० ओहमच्या आसपास. मुरमाड जमिनीत एका खड्ड्याला एवढा येणं अगदी साधी गोष्ट आहे. आता करंटचा रस्ता बघा. ट्रान्सफॉर्मरमधून निघाला, फेजच्या तारेतून शेवटच्या खांबापर्यंत आला, तिथे १.८५ ओहम. खांबातून खड्ड्यात उतरला, २० ओहम. मातीतून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल अर्थिंगपर्यंत परत गेला, तिथे समजा २ ओहम. बेरीज जवळपास २४. २३० भागिले २४, म्हणजे साडेनऊ-दहा अँपिअर.

त्यात दिव्यांचे ३.३ मिळवा. एकूण १३. आणि ब्रेकर किती? १६. तो का पडेल? त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. आणि खांबावर व्होल्टेज किती? २० ओहम गुणिले साडेनऊ अँपिअर, म्हणजे १९० व्होल्ट. रात्रभर दिवे लख्ख चालू, आणि खांबावर १९० व्होल्ट.

अजून एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. बारा दिवे बारा तासांत साडेआठ युनिट खातात. हा फॉल्ट त्याच बारा तासांत पंचवीसेक युनिट नुसती माती आणि केबल तापवण्यात घालवत होता. मीटरचं रीडिंग रोज कुणी बघितलं असतं तर मीटरनेही सांगितलं असतं.

इथे एक गैरसमज मुळापासून काढून टाकू. आपल्याकडे म्हणतात, खड्डा मारला की करंट जमिनीत जातो. मंडळी, पाणी जमिनीत मुरतं, करंट मुरत नाही. करंटला जिथून निघाला तिथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला, परत जायचं असतं. माती हा त्याच्यासाठी फार खराब रस्ता आहे. तुम्ही त्याला तांब्याचा चांगला रस्ता दिला नाहीत, तर तो ब्रेकर पाडण्याइतका मोठा होणारच नाही. तो रस्ता म्हणजे अर्थ कंटिन्युइटी कंडक्टर, खांबापासून पॅनलपर्यंत सलग जाणारी अर्थची तार. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती नव्हती. केबलचं आर्मर होतं, पण ते दोन्ही टोकांना ग्लँडमध्ये पकडून अर्थला जोडलेलंच नव्हतं. माती आत आली तर उंदीर कुरतडू नयेत, एवढाच त्याचा उपयोग.

बरं, समजा मी तीन कोअरची केबल घेतली असती, तिसरी कोअर अर्थसाठी. मग? फेजचे १.८५, अर्थचे १.८५, एकूण ३.७ ओहम. २३० भागिले ३.७, म्हणजे ६२ अँपिअर. वाटतं, वा, ६२ अँपिअर, १६ चा ब्रेकर लगेच पडेल. थांबा. आता ब्रेकरचा कर्व्ह उघडा.

एमसीबीमध्ये दोन यंत्रणा असतात. एक तापून पडणारी, सावकाश. दुसरी चुंबकाची, क्षणात पडणारी. बी टाइप ३ ते ५ पट करंटला क्षणात पडतो, सी टाइप ५ ते १० पटीला, डी टाइप १० ते २० पटीला. १६ अँपिअरचा सी टाइप क्षणात पडेल याची खात्री कधी? १० पट, म्हणजे १६० अँपिअरला. आपल्याकडे आहेत ६२. म्हणजे चौपटही नाही. तो पडेल, पण तापून. काही सेकंद लागतील. तोवर खांबावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ व्होल्ट, कारण दोन्ही तारा सारख्याच. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात अशा २३० व्होल्टच्या सर्किटला तारेने परत येणाऱ्या अर्थिंगसाठी किती वेळ दिलाय? ०.४ सेकंद. काही सेकंद कुठे आणि ०.४ कुठे.

आणि साईटवर काय होतं, माहितीये? एमसीबी एकदा-दोनदा पडला की कुणीतरी येतं आणि "कमी पडतोय" म्हणून तिथे ३२ चा बसवून जातं. मग ६२ अँपिअर म्हणजे दुपटीपेक्षा कमी. त्याला पडायला मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त लागेल. ब्रेकर मोठा करणं म्हणजे दुरुस्ती नाही. ताप आल्यावर थर्मामीटर बदलण्यातला प्रकार आहे.

मग उपाय काय केला? एकेक पायरी सांगतो, कारण डिझाइन असंच पायरीने होतं.

पहिली पायरी, ब्रेकर लहान केला. लोड ३.३ अँपिअर आहे, १६ ची गरजच नव्हती. "स्टोअरमध्ये १६ चे पडलेत" एवढंच त्यामागचं कारण होतं. ६ अँपिअरचा सी टाइप घेतला तर खात्रीने पडायला ६० अँपिअर लागतात. आपल्याकडे ६२. पण हा काठावरचा पास आहे. ७.४१ हा आकडा २० अंश तापमानाचा आहे. तार तापली की रेझिस्टन्स वाढतो, ७० अंशाला साधारण २० टक्क्यांनी. मग ६२ चे ५२ होतात. नापास.

दुसरी पायरी, केबल वाढवली. चार स्क्वेअर, तीन कोअर. किलोमीटरला ४.६१ ओहम. जाऊन-येऊन २.३ ओहम, १०० अँपिअर. तापलेली धरली तरी ८३. साठच्या वर, निवांत. इथे ठेकेदार माझ्याशी भांडला. "साहेब, लोड तीन अँपिअर आणि केबल चार स्क्वेअर? पैसे जास्त झालेत का?" त्याचं चूक नव्हतं. लोडकडे बघून केबल निवडायची हे त्यालाही आणि मलाही एकाच शाळेत शिकवलेलं. मी त्याला हेच गणित कागदावर दाखवलं. लांब केबलची साइज पुष्कळदा लोड ठरवत नाही, फॉल्ट ठरवतो.

तिसरी पायरी, सर्किटचे दोन भाग केले. विषम नंबरचे खांब एकावर, सम नंबरचे दुसऱ्यावर. एक पडलं तरी रस्ता पूर्ण अंधारात जात नाही. आणि याला दुसरंही कारण आहे. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर मोठा करंट खेचतात. बारा ड्रायव्हर एकदम चालू झाले तर लहान एमसीबी उगाच पडू शकतो. एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील, याचा तक्ता चांगल्या कंपन्या डेटाशीटमध्ये देतात. शेवटच्या पानावर असतो, म्हणून कुणी वाचत नाही. वाचा.

चौथी पायरी, दोन्ही सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. याचं तत्त्व सोपं आहे. फेजमधून गेला तेवढाच करंट न्यूट्रलमधून परत यायला हवा. फरक पडला, म्हणजे कुठेतरी भलत्या वाटेने जातोय, तोडा. ३० मिलिअँपिअरच्या फरकाला तो ०.३ सेकंदाच्या आत पडायला हवा. त्या रात्री साडेनऊ अँपिअर भलत्या वाटेने चालले होते. आरसीसीबी असता तर खड्डा २० ओहमचा असून, तार नसूनही तो पडला असता. तुमच्याकडे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर नसेल आणि अर्थिंग फक्त तुमच्या खड्ड्यावर असेल, तर आरसीसीबीशिवाय गत्यंतर नाही. तिथे नुसत्या एमसीबीच्या भरवशावर राहूच नका.

पण आरसीसीबी टाकला की काम झालं असंही नाही. प्रत्येक ड्रायव्हर थोडा थोडा करंट अर्थला गळवतोच. लांब केबलही गळवते. बेरीज फार झाली तर पावसाळ्यात तो रोज पडायला लागतो, आणि चार वेळा पडला की पाचव्या वेळी कुणीतरी त्याला बायपास करतं. म्हणून नेहमीची गळती रेटिंगच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत राहील असं बघायचं. सर्किट विभागण्याचा हाही फायदा. लोक बायपास करतील असं डिझाइन केलंत, तर निम्मा दोष तुमचा.

पाचवी पायरी, जोड. टेप बंद. पाणी न शिरणारा जंक्शन बॉक्स, खांबाच्या दरवाजाच्या आत पण जमिनीपासून उंच, केबलला ग्लँड, आर्मर दोन्ही टोकांना अर्थला. आणि खांबाच्या दरवाजालाही अर्थची तार. जुने खड्डे बुजवले नाहीत, राहू दिले. पण आता ते तिसऱ्या कोअरला जोडलेले, एकटे नाहीत.

आता हे झालं शेवटच्या टोकाचं. त्याचा जोडीदार प्रश्न पॅनलजवळचा आहे, तोही सांगून ठेवतो. शेवटच्या टोकाला फॉल्ट करंट कमीत कमी असतो, तिथे विचारायचं, ब्रेकर पडेल का? पॅनलजवळ तो जास्तीत जास्त असतो, तिथे विचारायचं, ब्रेकर टिकेल का? २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या, ४३३ व्होल्ट, इम्पिडन्स ४.५ टक्के. पूर्ण लोडचा करंट ३३३ अँपिअर. भागिले ०.०४५, आले जवळपास ७,४०० अँपिअर. ट्रान्सफॉर्मरलगतच्या पॅनलमध्ये तुम्ही ६ केएचा एमसीबी बसवलात तर तो ७.४ केए तोडायला बनवलेलाच नाही. तिथे १० केएचा हवा. एकाच केबलची दोन टोकं, दोन वेगळे प्रश्न. दोन्ही विचारल्याशिवाय ड्रॉइंगवर सही करायची नाही.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं सॉफ्टवेअर करतं. करतं ना. पण सॉफ्टवेअरला तुम्ही सांगता की तिथे अर्थची तार आहे. ती खरोखर जोडलीये का, हे त्याला कसं कळणार? म्हणून काम संपल्यावर मोजायचं. वीज बंद असताना शेवटच्या खांबापासून पॅनलपर्यंत अर्थची कंटिन्युइटी. मेगरने इन्सुलेशन, ड्रायव्हर सोडवून, नाहीतर ते जळतील. मग वीज चालू करून लूप इम्पिडन्स आणि आरसीसीबी टेस्टरने पडायचा वेळ. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण फक्त त्याची आतली यंत्रणा तपासतं, तुमची अर्थची तार तपासत नाही, हे विसरू नका. आणि चालू विजेवरची मोजमापं एकट्याने करायची नाहीत. परवानाधारक माणूस बरोबर हवा, अनुभवी हवा.

गणितात ३.७ आलं आणि मीटरवर ३.९ दिसलं, तर छान. मीटरवर १५ दिसलं, तर कुठेतरी जोड सुटलाय. हे तुम्हाला कधी कळेल? गणित आधी केलं असेल तरच. नाहीतर १५ हा नुसताच आकडा आहे.

आता मी मुलाखती घेतो. समोर नवीन मुलगा किंवा मुलगी असते. मी एक कागद पुढे सरकवतो. त्यावर एक ब्रेकर, एक केबल, लांबी लिहिलेली. विचारतो, "शेवटी शॉर्ट झालं तर किती अँपिअर?" बहुतेक जण गप्प होतात. मी रागवत नाही, मीही गप्पच झालो असतो. पण कुणी कॅल्क्युलेटर मागितला, किंवा "सर, अर्थची तार कितीची आहे?" असं विचारलं, तर माझा निर्णय तिथेच होतो. बाकीचं सगळं शिकवता येतं.

म्हणून गृहपाठ देतो. आज घरी, वर्कशॉपमध्ये किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये एक सर्किट निवडा. ब्रेकर कितीचा, तार कितीची, शेवटचा सॉकेट किती मीटरवर, एवढं लिहा. काही उघडायचं नाही, फक्त बघायचं आणि विचारायचं. मग तीन ओळींचं गणित करा. लोडचा करंट, व्होल्टेज ड्रॉप, फॉल्टचा करंट. तिसरी ओळ ब्रेकरच्या कर्व्हवर ठेवून बघा. दहा सर्किटं केलीत की ड्रॉइंग बघताना नजर आपोआप शेवटच्या टोकाकडे जायला लागेल.

आणि मंडळी, एक शेवटचं. कुणी माळी, कुणी वॉचमन, कुणी झाडूवाल्या मावशी म्हणाल्या की अमुक खांब, अमुक फ्रिज, अमुक नळ करंट मारतो, तर त्यांना विचारा, किती वाजता? हात ओला होता का? पायात काय होतं? आणि त्याच वेळी जाऊन मोजा. मी माळीमामांची नंतर माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब, माणूस नाही गेलं." तेव्हापासून दिवे लागले की मी फाइल बंद करत नाही. शेवटच्या खांबापर्यंत चालत जातो, मीटर घेऊन.

पुढच्या भागात मोटरकडे वळू. सुरू होताना ती पाच-सहा पट करंट का खेचते आणि त्यासाठी ब्रेकर कसा निवडायचा, ते बघू. गृहपाठाची गणितं पाठवा, चुकलेली असली तर आधी पाठवा.

भेटूच. काळजी घ्या.